घरी गाडी बांधायची, तर हत्यारं कोणती?

घरी गाडी बांधायला घेतली तेव्हा माझ्या हातात आलेलं पहिलं हत्यार म्हणजे पिवळ्या रंगाचं एक जाड पेन. लेस्टरमध्ये आमच्या घराशेजारी एक निवृत्त फिटर राहायचे. किटच्या पेट्या ट्रकमधून उतरल्या त्या संध्याकाळी ते कुंपणापाशी आले, पेट्या मोजल्यासारखं केलं, आत गेले आणि ते पेन घेऊन परत आले. नट शेवटचा आवळून झाला की नटावरून बोल्टाच्या टोकापर्यंत एक रेघ ओढायची, म्हणाले. रेघ दिसली नाही तर तो नट आवळलेलाच नाही असं समजायचं, मग तुला कितीही आठवत असो. पुढच्या दोन वर्षांत मी बरीच हत्यारं विकत घेतली, काही मागून आणली, दोन-तीन वाया घालवली. त्या सगळ्या खटाटोपातून जे कळलं ते इथे सांगतो. ठोकायची आणि ओढायची हत्यारं स्वस्तातली चालतात. मोजणाऱ्या हत्यारांत मात्र काटकसर करू नये.

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत मिळणारी गाडी. चेसिस, पत्रे, फायबरचं नाक, मडगार्ड, सस्पेन्शनचे हात हे सगळं पेट्यांत येतं आणि जोडणी आपण करायची. हा छंद ब्रिटनमध्ये रुजला त्याला हौसेइतकाच करही कारणीभूत होता. तयार गाडीवर तिथे परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागत नसे. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये काढलेली लोटस सेव्हन ही दोन माणसांची उघडी, हलकी गाडी त्यामुळे किट म्हणून खूप खपली. किटबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर सूट जायची, म्हणून चॅपमनने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या शेवटून सुरुवातीकडे वाचल्या, हा किस्सा तिथले जुने लोक अजून रंगवून सांगतात. १९७३ मध्ये परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ती सूट संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. ती गाडी आजही किटमध्ये मिळते.

कोणती हत्यारं लागतील हे किट कोणत्या जातीचं आहे त्यावर ठरतं. केटरहॅमसारख्या किटमध्ये सगळे भाग नवे असतात, पत्रे चेसिसवर आधीच बसवलेले असतात, आणि कंपनी ८० ते १०० तासांचं काम सांगते. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘लोकॉस्ट’. रॉन चॅम्पियन यांनी १९९६ साली २५० पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून इंचभर चौकोनी नळ्या कापून, वेल्डिंग करून चेसिससकट सगळी गाडी घरी करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. माझं काम या दोन्हींच्या मधलं होतं. चेसिस वेल्डिंग होऊन, रंगून आली, पत्रे सुटे आले. इंजिन, गिअरबॉक्स, हब, ब्रेक एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढायचे होते. अशा गाडीला तिथे डोनर म्हणतात. या मधल्या वाटेवर जवळजवळ सगळी हत्यारं लागतात, फक्त वेल्डिंग मशीन लागत नाही.

बाबांना फोनवर हे सांगितलं. नाशिकच्या सातपूरला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, आयुष्य लेथ मशीनसमोर गेलेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे कंपनीने गाडी अर्धवट पाठवली, तरी तू पूर्ण पैसे दिलेस?” मग लगेच दुसरा प्रश्न, “शेगडा आहे का घरात?”

नव्हता. आणि बाबांचं बरोबर होतं. शेगडा, म्हणजे टेबलाला लावायचा व्हाइस, नसेल तर कापायचं, कानस मारायची, वाकवायचं, आटे पाडायचे, बुश दाबून बसवायचे, ही सगळी कामं गुडघ्यात धरून करावी लागतात. चार इंची जबड्याचा शेगडा पुरतो, पण तो टेबलाला बोल्टने पक्का हवा आणि टेबल भिंतीला. जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची टोपी घालायची, नाहीतर धरलेल्या प्रत्येक भागावर दातांची नक्षी उमटते. माझा शेगडा जुन्या बाजारातून आणला, गंजलेला होता. घासून तेल दिलं, आणि बांधकाम संपेपर्यंत त्याने कधी अडवलं नाही.

गाडी उचलण्याच्या सामानाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण त्यात चूक झाली तर ती शेवटची ठरू शकते. ट्रॉली जॅक एक आणि घोड्या चार. जॅक फक्त उचलायला; वजन पेलायचं ते घोड्यांनी. केवळ जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. इंजिन उतरवायला क्रेन लागते. दुमडून ठेवता येणारी, हायड्रॉलिक पंपाची ही क्रेन संपूर्ण बांधकामात मोजून दोनदा लागते, डोनरमधून इंजिन काढताना आणि नव्या चेसिसमध्ये सोडताना. ती भाड्याने आणावी. तिच्याबरोबर लेव्हलर मागून घ्यावा. हा एक आडवा दांडा असतो, त्याचा स्क्रू फिरवला की लटकलेल्या इंजिनाचं पुढचं टोक वर किंवा खाली होतं. सेव्हनसारख्या अरुंद गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडूनच, शेपूट खाली करून, तिरके आत सोडावे लागतात. लेव्हलर नसेल तर तीन माणसं आरडाओरडा करत हेच काम करतात आणि कुणाचं तरी बोट चेमटतं.

आता पाने. डोनर गाडी सोडवताना पहिले कित्येक शनिवार-रविवार गंजाशी भांडण्यात जातात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीच्या पोटाखाली जाऊन बसतं. कोकणात समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इथे नाजूक हत्यारं कामाची नाहीत. लांब दांड्याचा, अर्धा इंच चौकोनाचा ब्रेकर बार, सहा कोनांचे सॉकेट, वायर ब्रश, गंज सुटण्याचं तेल आणि गॅसचा लहान बर्नर. सॉकेटला आपल्याकडे मेकॅनिक गोटी म्हणतात. गोट्या बारा कोनांच्या घेऊ नका. गंजून झिजलेल्या नटावर बारा कोनांची गोटी फिरते आणि नटाचे कोपरे खाऊन टाकते. सहा कोनांची गोटी कोपऱ्यांऐवजी नटाच्या सपाट बाजूंवर जोर देते. तेल आदल्या रात्री मारायचं. सोडवलेल्या प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, पिशवीवर नाव, आणि सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो. मला वाटायचं हे लक्षात राहील. राहत नाही.

नव्या बाजूने जोडायला लागलं की पान्यांचे आकार ८ ते १९ मिलिमीटर एवढे बहुतेक सगळीकडे पुरतात. एक संच डबल पान्यांचा, एक रिंगचा, तीन अष्टमांश इंच चौकोनाची रॅचेट आणि तिच्या गोट्या, एलन कीचा संच. स्क्रू ड्रायव्हर मी घरून येताना आणलेले, टपारियाचे. टपारिया सातपूरचीच, मग सातपूरचा माणूस स्क्रू ड्रायव्हर दुसरीकडून कशाला घेईल?

पाने मिलिमीटरचे घेतले म्हणून इंचातून सुटका होत नाही. सीट बेल्टचे बोल्ट जगभर जवळजवळ सगळ्या गाड्यांत सात षोडशांश इंचाचे, इंचाला २० आटे असलेले असतात. तुमच्या दारातल्या गाडीचा सीट बेल्टही बहुधा तसाच बसवलेला आहे. ब्रिटिश किटमध्ये सस्पेन्शनचे काही बोल्टही अजून इंचातच येतात. त्यातून माझदा जपानी. जपानी गाड्यांत १० मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे सव्वा मिलिमीटर अंतराचे असतात, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा १० चा बोल्ट दीड मिलिमीटरचा. दोन्ही दिसायला जुळे भाऊ. चुकीचा बोल्ट दोन-तीन वेढे सरळ जातो, मग अडतो, आणि माणूस म्हणतो जरा जोर लावू. तिथेच आटे मरतात. म्हणून आटे मोजायची फणी घ्या. चाकूसारखी उघडणारी पात्यांची जुडी असते, प्रत्येक पात्याला वेगळ्या अंतराचे दात. बोल्टावर पातं टेकवून उजेडात धरायचं. मध्ये फट दिसली तर ते अंतर नाही. दोन कप कॉफीच्या किमतीत मिळते आणि इंजिन ब्लॉक वाचवते. सोबत जुने आटे साफ करायला टॅप आणि डाय असावेत, कारण रंगाऱ्याने चेसिस रंगवताना प्रत्येक आट्यात रंग भरलेला असतो.

आता टॉर्क पाना. याच्यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत.

बोल्ट दोन भाग धरून ठेवतो तो कडीसारखा अडकून नाही. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो, रबर बँडसारखा, आणि तो आखडायला बघतो म्हणून दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. खरं काम या ताणाचं असतं. ताण कमी पडला तर हादऱ्यांनी भाग एकमेकांवर घसरतात आणि नट सुटत जातो. ताण जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, मऊ पडतो आणि एक दिवस तुटतो. डोक्यावर ८.८ असं कोरलेला १० मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला तर तो साधारण २६ किलोन्यूटनने, म्हणजे अडीच टनांहून जास्त वजनाच्या जोराने दाबून धरतो. अंगठ्याएवढ्या जाडीच्याही नसलेल्या वस्तूचं हे काम आहे.

हा ताण थेट मोजायला घरी काही साधन नसतं. मोजता येतो तो पिळाचा जोर, आणि तो न्यूटन मीटरमध्ये सांगतात. वरच्या बोल्टाला सुमारे ५० न्यूटन मीटर लागतात. अर्ध्या मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला १० किलो तांदळाची पिशवी टांगली तर एवढा जोर पडतो. पण या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो. निम्मा नटाखालच्या घर्षणात आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात संपतो. म्हणून मॅन्युअलमध्ये आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे बघायलाच हवं. कोरड्यासाठी दिलेला आकडा तेलकट बोल्टावर वापरला तर ताण तिसऱ्या हिश्शाने सहज वाढतो. दुसरी खोच एककाची. ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकं फूट-पौंडात लिहितात. एक फूट-पौंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर. न्यूटन मीटरचा आकडा फूट-पौंडाचा समजून आवळला तर बोल्टाला एक तृतीयांशाहून अधिक जादा जोर बसतो.

टॉर्क पान्याच्या दांड्यात स्प्रिंग असते. मूठ फिरवून ती हव्या आकड्यापर्यंत दाबायची. तेवढा जोर पडला की आतला खटका सुटतो आणि हाताला ‘टक्’ जाणवतं. त्या क्षणी थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा टक्, परत एकदा टक्, असं लोक करतात, आणि प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकतो. पाना एका संथ ओढीत, मुठीवर हात ठेवून ओढायचा. दांड्याच्या मधोमध धरून किंवा पुढे पाइप घालून ओढला तर आकड्याला अर्थ उरत नाही. या पान्याने नट कधी सोडवायचा नाही. पान्याच्या टप्प्याच्या अगदी खालच्या टोकाला त्याच्यावर फार विसंबू नये, म्हणून दोन पाने लागतात: एक ५ ते २५ चा, तेलाच्या चेंबरच्या आणि ब्रेकच्या बारक्या बोल्टांना, दुसरा २०० पर्यंतचा, बाकी सगळ्याला. चाकाच्या हबचा मोठा नट त्याही पलीकडचा. माझदाच्या मागच्या हबला २०० न्यूटन मीटरच्या वर लागतात आणि २९ मिलिमीटरची गोटी. त्या एका नटासाठी तिसरा पाना घेऊ नका, टायरवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा.

टक् झालं की पिवळी रेघ. रेघेचा दुसरा उपयोग मला पहिल्या २०० किलोमीटरनंतर कळला. गाडीखाली बॅटरी घेऊन शिरलो, तर स्टिअरिंगच्या एका बोल्टावरची रेघ मधोमध तुटलेली, नटावरचा अर्धा तुकडा जरा बाजूला गेलेला. नट हलला होता. पाना न लावता, नुसतं बघून कळलं. तो नट आतून नायलॉनची कडी असलेला, आपोआप घट्ट बसणारा होता. मी जुना काढलेला परत वापरला होता. असे नट एकदाच वापरायचे. हे मला माहीत होतं, तरी केलं.

पत्र्याचं काम वेगळ्या स्वभावाचं. चेसिसच्या चौकोनी नळ्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने बसवायचा, तळाला आणि कडेला मिळून काहीशे रिव्हेट. हत्यारं ऐकायला साधी: पंच, ड्रिल, रिव्हेट गन. मी पहिला तळपत्रा शिंप्याने टाके घालावेत तसा एका टोकाकडून भोकं पाडत, रिव्हेट मारत नेला. प्रत्येक रिव्हेटमागे पत्रा केसभर सरकत होता. दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा पत्र्याची कड नळीच्या बाहेर ३ मिलिमीटर आणि मध्ये एक फुगवटा. शेजारी आले, फुगवट्यावर बोट दाबलं, तो टणकन् खाली गेला आणि बोट उचलताच टणकन् वर आला. ते काही बोलले नाहीत. घरी जाऊन एक डबा घेऊन आले.

डब्यात क्लेको होते. विमानाच्या कारखान्यातली ही वस्तू आहे. करंगळीएवढी स्प्रिंगची खिळी, तिला खास पक्कड लावून दाबलं की पुढची दोन पाती बारीक होऊन भोकात शिरतात, सोडलं की फाकून दोन्ही थर घट्ट धरतात. रंगावरून माप कळतं: तांबडसर तांब्याच्या रंगाची अष्टमांश इंचाच्या भोकाची, काळी त्याहून मोठ्या पाच बत्तिसांश इंचाची. पद्धत अशी की मधलं एक भोक पाडायचं, क्लेको घालायचा, मग त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, असं मधून कडांकडे जायचं. सगळी भोकं झाली की सगळे क्लेको काढायचे, पत्रा उचलायचा, दोन्ही थरांमधला भुसा झाडायचा, भोकांच्या खरखरीत कडा मोठ्या ड्रिल बिटाने हाताने फिरवून साफ करायच्या. मग नळीवर चिकट सीलंटची रेघ, पत्रा परत जागेवर, पुन्हा क्लेको, आणि एकेक काढत त्याजागी रिव्हेट. सीलंट चिकटवायला असतं तितकंच ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकू न देण्यासाठीही. दोन धातू आणि मध्ये पाणी आलं की ॲल्युमिनियमला पांढरी बुरशी आल्यासारखं होऊन ते खाल्लं जातं.

ड्रिल बिटाचं माप इथे महत्त्वाचं. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला ३.३ चं भोक, ४.८ च्या रिव्हेटला ४.९ चं. ५ चं पाडलं तर रिव्हेट बसतो, पण सैल बसतो. बिटं दहाच्या संचात घेण्यापेक्षा ३.३ ची दहा घ्या, ती मोडतात. हाताने दाबायची साधी रिव्हेट गन ३.२ ला ठीक, ४.८ चे शंभर मारले की दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलत नाही. लांब दोन दांड्यांची गन घ्या, बागेतल्या कात्रीसारखी. फायबरला भोक पाडताना वर कागदी चिकटपट्टी लावायची आणि सुरुवातीला ड्रिल उलट्या दिशेने फिरवायचं, म्हणजे वरच्या चकाकीचे टवके उडत नाहीत.

ब्रेकची नळी बाहेरून ४.७५ मिलिमीटर जाड, तांबे आणि निकेलच्या मिश्र धातूची. हाताने वाकते, गंजत नाही. तिला लागणारी हत्यारं तीन: नळी कापायचा छोटा गोल कटर, वाकवायचं साधन आणि टोक फुलवायचं यंत्र. नळीचं टोक कर्ण्यासारखं फुलवून, त्यामागे असलेला नट आवळला की टोक बसकणीवर दाबून सील होतं. जपानी गाड्यांना ४५ अंशांचं दुहेरी फुलवलेलं टोक लागतं, युरोपियन गाड्यांना बहुधा बुडबुड्यासारखं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. नटांमध्येही तोच जुळ्या भावांचा घोळ: १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर आट्यांचा एक, आणि तीन अष्टमांश इंचाचा, २४ आट्यांचा दुसरा. दुसरा किंचित बारीक, म्हणून पहिल्याच्या भोकात सहज जातो आणि बसल्यासारखा वाटतो. ब्रेक जोरात दाबल्यावर तो बसलेला नव्हता हे कळतं. फणी इथेही काढा. टोक फुलवायचं यंत्र शेगड्यात धरता येणारं, चांगल्यातलं घ्यावं. पट्टीत नळी आवळून वरून स्क्रू फिरवायचं स्वस्त साधन टोक तिरकं करतं. आणि फुलवण्याआधी नट नळीत ओवायचा. हे वाचून हसाल. मी तीनदा विसरलो. सुंदर फुललेलं टोक, आणि नट टेबलावर.

वायरिंगचं थोडक्यात. वायरच्या टोकाला लग दाबायला रॅचेटचा क्रिंपर हवा, म्हणजे पूर्ण दाब बसल्याशिवाय तो जबडा सोडत नाही. पक्कडीने चेपलेला लग त्या दिवशी चालतो, पुढच्या पावसात नाही. लग दाबला की वायर जोरात ओढून बघायची. सुटायची असेल तर टेबलावरच सुटू दे. मल्टीमीटर साधा चालतो. माझी गाडी पहिल्यांदा सुरू करताना स्टार्टर नुसता कुरकुरला. बॅटरी नवी, केबल नवी. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला, दुसरं इंजिनाला लावून कुणाला तरी चावी फिरवायला सांगितलं. तिथे शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा. माझ्याकडे दोन व्होल्टच्या वर आला. अर्थिंगचा लग मी पावडर कोटिंगच्या सुंदर काळ्या रंगावरच आवळला होता. रंग हा इन्सुलेटर. एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा खरवडली आणि इंजिन सुरू झालं.

चाकांची दिशा बघायला मशीनवाल्याकडे जायच्या आधी दोरी पुरते. आपला गवंडी भिंत बघतो तशीच. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, एकमेकींना आणि गाडीच्या मधल्या रेषेला समांतर दोन दोऱ्या ताणायच्या. मग दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. १३ इंची रिमवर एक मिलिमीटर फरक म्हणजे साधारण १० मिनिटांचा कोन, एका अंशाचा सहावा हिस्सा. पट्टी आणि दोरीने एवढं सूक्ष्म मोजता येतं यावर मशीनवाल्याचा विश्वास बसला नाही. त्याच्या मशीनने माझा आकडा किंचितच बदलला. दोऱ्या समांतर लावायलाच तास जातो, हे मान्य.

एक हत्यार सरकारी तपासणीसाठी लागतं: गोलाई मोजायचा गेज. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधी एकेका गाडीची मंजुरी चाचणी द्यावी लागते. १९९८ पासून ती एसव्हीए होती, २००९ पासून आयव्हीए आहे. तपासनीस ब्रेक, दिवे, धूर, स्पीडोमीटर बघतातच, शिवाय १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा गाडीच्या बाहेरच्या अंगावर फिरवतात. तो जिथे टेकेल तिथल्या कडेची गोलाई निदान अडीच मिलिमीटर हवी, म्हणजे अंगावर गाडी आली तरी कापू नये. त्यामुळे शेवटचे कित्येक दिवस कानस, पॉलिश पेपर आणि रबरी पट्टी घेऊन गाडीभोवती रांगण्यात जातात. कानस चांगली घ्या. तिला खडू चोळून ठेवला तर ॲल्युमिनियम दातांत अडकत नाही, ही बाबांची युक्ती.

न घेण्याच्या गोष्टीही सांगतो. विजेची किंवा हवेची इम्पॅक्ट गन डोनर सोडवताना फार सुखाची, पण जोडताना ती कपाटात राहू द्या. किती आवळलं ते तिला कळत नाही. दीडशे नगांच्या चकचकीत पेटीतले निम्मे नग कधी पेटीबाहेर येत नाहीत.

आपल्याकडे हे सगळं करता येईल का, असं नाशिकला गेलो की हमखास विचारतात. करता येईल, रस्त्यावर आणता येणं अवघड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मंजूर व्हावा लागतो, आणि ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे, एका माणसाच्या एका गाडीसाठी नाही. तयार गाडीत मूळ कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल करायलाही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी गाडी बनवली, २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि तिच्या बदल्यात त्याला बोलेरो दिली. पण ती गाडी नियमांत बसत नाही, हेही महिंद्रांनी तेव्हाच म्हटलं होतं. ब्रिटनमधल्यासारखी एकेका गाडीची, परवडणारी चाचणी इथेही हवी असं मला वाटतं. तोवर कुणाच्या गोठ्यात जुनी जीप किंवा येझदी पडली असेल, तर हीच हत्यारं तिलाही लागतात.

आणि टॉर्क पाना वापरून झाला की मूठ उलटी फिरवून आकडा पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा. स्प्रिंग दाबलेली राहिली तर ती बसते आणि पुढच्या वेळी पाना खोटा आकडा सांगतो. खुणेच्याही खाली, अगदी सैल मात्र करू नका.